मंगळवारी जंगल बंद

मंगळवारी ताडोबा बंद. मोहर्ली गेटवर जिप्स्यांची रांग नसते, चहाच्या टपरीवर गाईडमंडळी पाय पसरून बसलेली असतात. माझ्या दुकानातली झेरॉक्स आणि प्रिंटची गर्दीही ओसरते, आणि मी हार्ड डिस्क आवरायला घेतो. वर्षानुवर्षं घेतोय. आवरून झाली असं मात्र कधी झालं नाही.

अशाच एका मंगळवारी एक शेतकरी आला. ‘भाऊ, डुकरानं धान नेलतं तवाचा अर्ज काढून दे ना. तूच टाईप केलता.’ मी शोधाच्या चौकटीत ‘शेतकऱ्यांच्या’ टाकलं. बरेच अर्ज आले, त्याचा आला नाही. शेवटी फोल्डर उघडून एकेक फाइल बघत गेलो तेव्हा तो सापडला, आणि पहिल्याच ओळीत ठळक ‘शेतकऱ्यांच्या’! डोळ्यांना काडीचा फरक नाही. फरक आत होता. हा ‘ऱ्य’ संगणकात दोन तऱ्हांनी उमटतो: एकात नुक्ता असलेला वेगळा ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. मधे मी कीबोर्ड बदलला होता. त्यामुळे माझे अर्धे शेतकरी एका जातीचे, अर्धे दुसऱ्या.

वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगाचे पट्टे सारखे नसतात. म्हणून गणतीचे कॅमेरा ट्रॅप वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बांधतात. नाहीतर एकच वाघ दोन म्हणून मोजला जायचा. माझ्या शब्दाचंही तेच झालं होतं, फक्त समोरचा कॅमेरा बांधायला मी विसरलो होतो.

शोधाच्या दोन रीती आहेत. एक, विचारल्यावर हिंडायचं. विंडोज एक्सपीमधला तो पिवळा कुत्रा आठवतो? आपण नाव सांगायचं, तो शेपूट हलवत बसायचा आणि मागे यंत्र एकेक फोल्डर हुंगत जायचं. गिऱ्हाइकाचा चहा पिऊन व्हायचा. दुसरी रीत, कुणी विचारायच्या आधीच हिंडून ठेवायचं. युनिक्सवर जेम्स वुड्स यांनी १९८३ मध्ये ती मांडली: सगळ्या फाइलींची नावं अधूनमधून, बहुधा रात्री, गोळा करायची, दाबून एका यादीत ठेवायची आणि विचारणा झाली की डिस्ककडे न जाता यादीत बघायचं. खोट एवढीच की सकाळी केलेली फाइल दुसऱ्या दिवसापर्यंत यादीला ठाऊक नसते. पहाटेच्या पगमार्कवरून दुपारच्या फेरीचा अंदाज बांधणाऱ्यांना ही खोट समजावून सांगावी लागत नाही.

ती खोट अ‍ॅपलच्या स्पॉटलाइटनं काढली. २९ एप्रिल २००५ ला अ‍ॅपलच्या संगणकप्रणालीच्या ज्या आवृत्तीत तो आला तिचं नावच टायगर. फाइल बदलली की सिस्टिमचा गाभा तिथल्या तिथे निरोप धाडतो आणि तेवढी एकच फाइल पुन्हा वाचली जाते. चितळाचा कॉल आला की जिप्सी वळते, तसं. शिवाय नुसती नावं नव्हेत, आतले शब्दही टिपले जातात. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तशी, कुठला शब्द कुठल्या फाइलीत आहे याची उलटी वही. आधी बीओएस या संगणकप्रणालीची फाइलव्यवस्था रचणारे डॉमिनिक जांपाओलो या कामात होते. (प्राण्यांचा नाद इथे सगळ्यांनाच. लिनक्सवर आधी बीगल नावाचा शोधकुत्रा आला. २०१४ मध्ये केडीईनं तर ‘बालू’ आणला, म्हणजे अस्वल!) असंच आधी वाचून ठेवणारं गूगल डेस्कटॉप ऑक्टोबर २००४ मध्ये आलं आणि २०११ मध्ये बंद पडलं. माझ्याकडे ते होतं. गेल्याचं वाईट वाटलं.

पण या साऱ्या हुशार जनावरांना माझी जुनी मराठी कधी दिसलीच नाही. चंद्रपूरला डीटीपी शिकलो ते श्रीलिपी आणि कृतिदेववर. त्या फाइलींत ‘क’ हा ‘क’ नसायचाच. आत भलतंच रोमन अक्षर किंवा चिन्ह, वर फॉन्टनं चढवलेलं देवनागरीचं सोंग. फॉन्ट नसलेल्या संगणकावर लग्नपत्रिका उघडा, गणपतीपासून आहेरापर्यंत नुसता चिवडा. सूची करणारं यंत्र सोंग बघत नाही, आतलं वाचतं. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसह युनिकोड देवनागरी आली तेव्हा मराठी प्रथमच वाचण्याजोगी झाली, आणि मी आळसानं पुढची कैक वर्षं जुन्यातच टाईप करत राहिलो. आता मंगळवारी एकेक फाइल बदलून घेतो. तरी गावाचं नाव उरतंच: मोहर्ली, मोहुर्ली, मोहरली. लोक तिन्ही लिहितात. मी फाइलीच्या नावात तिन्ही घालतो. कुणी हसलं तर हसू दे.

परवा टपरीवरचा एक गाईड उठून आत आला. ‘भाऊ, मागच्या वर्साचा वाघिणीचा फोटो पायजे, मी कार्ड खाली केलतं ना तुझ्याकडे.’ तारीख विचारली तर म्हणे, ‘तारीख कोण ध्यानात ठेवते बाप्पा? बोडीवर होती, वानरं ओरडून राह्यली होती.’ स्पॉटलाइट फोटोतली तारीख वाचतो, लेन्स वाचतो. वानरं वाचत नाही. त्यातून त्याच्या कॅमेऱ्याचं घड्याळच चुकलेलं, सगळे फोटो २०१२ चे. मी खुर्ची सरकवून दिली. तो माउसचं चाक फिरवत गेला, झर्रकन, शेकडो चौकटी, आणि मधेच थांबला.

‘हे पाय. डाव्या डोयावरचा पट्टा फुटला हाये.’

मी बघितलं. मला तर सगळ्या सारख्याच दिसत होत्या.