हलकी गाडी

बाजारातून आणलेला आकाशकंदील घरी केलेल्या कंदिलापेक्षा देखणा असतो, हे कबूल केलेच पाहिजे. पण घरी कंदील करताना मुलाला एक शास्त्र आपोआप कळते. बांबूच्या चार कामट्यांचा चौकोन बांधला, की तो हातात धरताच तिरपा होतो. त्यात कोनाकोनी एक कामटी घातली, की तोच चौकोन ताठ उभा राहतो. वजन वाढते ते कामटीभर. बळ मात्र कितीतरी. वरचा रंगीत कागद केवळ शोभेचा.

2019 साली माझ्या पुतण्याने मोटार बांधायला काढली आणि तिच्या सांगाड्याचे चित्र माझ्यापुढे धरले, तेव्हा मी सहज म्हणालो, "अरे, हा तर आकाशकंदील!"

"तसंच आहे, काका," तो म्हणाला. "कामट्यांच्या जागी चौकोनी पाइप. आम्ही चौघं मिळून बनवायलोत."

तो तेव्हा नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. खिशात पैसे नव्हते. पण डोक्यात एक हलकी, दोन आसनांची, उघडी धावती गाडी होती. आमच्या हिमायतनगरात लोक मोटार घेतात ती कुटुंब कोंबून नेण्यासाठी. केवळ हलकी असावी म्हणून कोणी गाडी करतो, ही कल्पना गल्लीत कोणालाच पटेना.

हे वेड मूळचे इंग्लंडातले. कॉलिन चॅपमन नावाच्या इंजिनिअरने 1957 साली 'लोटस सेव्हन' ही चिमुकली गाडी काढली. तयार मोटारीवर तिकडे खरेदी-कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून ही गाडी सुट्या भागांत विकत आणि गिऱ्हाईक ती घरी जोडी. जोडणीची कृती सोबत दिली, तर कर लागे. तेव्हा गाडी सुटी कशी करावी याचे पत्रक देत आणि गिऱ्हाइकाने ते शेवटाकडून वाचावे, असे सांगतात! 1973 साली तिकडे नवी करपद्धती आली आणि ही सवलत संपली. गाडी मात्र केटरहॅम या नावाने आजही निघते. पुढे 1996 साली रॉन चॅम्पियन नावाच्या गृहस्थाने अडीचशे पौंडांत अशी गाडी घरी कशी बांधावी, याचे पुस्तकच लिहिले.

आपल्याकडेही असे वेडे पीर झाले आहेत. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 1949 सालीच 'मीरा' नावाची छोटी मोटार केली होती. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने सेव्हनच्याच धर्तीची, फायबरच्या अंगाची गाडी काढली आणि तिला इसुझूचे अठराशे सी.सी.चे इंजिन बसवले. आणि पुतण्याच्या या उद्योगानंतर दोनच वर्षांनी, 2021 साली, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी, देवराष्ट्र्याला, दत्तात्रय लोहार यांनी जुन्या सामानातून किक मारून सुरू होणारी चारचाकी केली. तिच्या बदल्यात आनंद महिंद्रांनी त्यांना नवी बोलेरो देऊ केली, ती साऱ्या देशाने पाहिली.

अशा गाडीसाठी ज्या जुन्या मोटारीचे इंजिन काढून घेतात, तिला इंग्रजीत 'डोनर' म्हणतात. डोनर म्हणजे दाता. रक्त देणाऱ्याला, डोळे देणाऱ्याला जो शब्द, तोच भंगारात निघालेल्या मोटारीला! हा शब्द ऐकला आणि मुलांची नजर कुठे लागली आहे, ते माझ्या ध्यानात आले.

आमच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली अण्णांची मारुती 800 उभी होती. अण्णा 2017 साली गेले. तेव्हापासून ती जागची हलली नव्हती. चाकांतली हवा गेली होती, टपावर निंबोळ्यांचा थर साचला होता. भंगारवाला दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा वहिनींनी त्याला दारातूनच परत लावले. मुलाची आईपुढे बोलण्याची छाती होईना, म्हणून त्याने वकील म्हणून मला पाठवले.

मी विषय काढला. वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कापणार का तिला?" एवढेच त्यांनी विचारले.

"पुढचा अर्धा भाग काढून घेतील," मी म्हणालो.

पुढे तीन दिवस त्या विषयावर घरात शब्द निघाला नाही. गाडी कायमची निकामी झाली, की चौदा दिवसांत तसे नोंदणी कार्यालयाला कळवावे, असा कायदा आहे. त्या कागदावर वहिनींची सही लागणार होती. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच कागद मागितला. "भाऊजी, उभ्या उभ्या गंजून ती कोणाच्या कामाची?" त्या म्हणाल्या आणि सही केली. नंबराची पुढची पाटी मात्र त्यांनी स्वतः काढून घेतली. 'एमएच 26' ही अक्षरे पदराने पुसली आणि पाटी कपाटात ठेवली.

मग सामानाची जमवाजमव सुरू झाली. सोळा गेजचा एक इंची चौकोनी पाइप आमच्याच गावात मिळाला. खिडक्यांच्या ग्रिलला लागतो, तोच. जोडकाम केले ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणाऱ्या मिस्त्रीने. त्याने आयुष्यात हलके असे काही केले नव्हते. "ह्याला जाड अँगल मारू का?" असे तो दर तासाला विचारी आणि मुले दर तासाला त्याला आवरीत. पुढच्या चाकांसाठी दुसऱ्या एका मारुतीचे भाग नांदेडच्या भंगारातून आले. शॉक मोटारसायकलचे, टाकीही मोटारसायकलचीच. मारुती 800 हे गाडीचे नाव नसून धान्याचे असावे, इतके तिचे सामान जिकडे तिकडे सापडते! सापडणारच, 1983 पासून 2014 पर्यंत ती पंचवीस लाखांहून अधिक निघाली.

या बांधणीतली खरी गंमत वेगळीच होती. मारुतीचे इंजिन पुढे असते आणि ओढणारी चाकेही पुढचीच. मुलांनी इंजिन, गिअरपेटी आणि चाके असा तो सारा जोड उचलला आणि नव्या सांगाड्यात माणसांच्या पाठीमागे बसवला. बैल गाडीच्या मागे जुंपावेत, तसा हा प्रकार! गिअरची दांडी तेवढी लांबवावी लागली. जिनिंगच्या वजनकाट्यावर गाडी भरली चारशे चाळीस किलो. मूळ मारुती साडेसहाशेच्या आसपास. इंजिन तेच, सदतीस घोड्यांचे; ओझे तेवढे उतरले होते.

आता अडचण चालवण्याची. घरी बांधलेल्या गाडीला नोंदणी मिळत नाही आणि नोंदणीवाचून ती सडकेवर आणता येत नाही. आमचे शेत दीड मैलावर. सोयाबीन निघून रान मोकळे झालेले. तिथवर ती न्यायची कशी? परदेशात अशा गाड्यांसाठी बुटके ट्रेलर मिळतात. आमच्याकडे शेजाऱ्याची दोन चाकी ट्रॉली होती. तिचा पाटा छातीइतका उंच आणि आमची गाडी जमिनीपासून चार बोटे! फळ्या लावल्या, तर पोट घासे. शेवटी ट्रॉली खळग्यात उतरवली, मागचे फळके बांधाशी भिडवले आणि गाडी सपाटीने आत ढकलली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

"थांबा," मागून आवाज आला. वहिनी होत्या. इतके महिने त्या या कामाकडे फिरकल्या नव्हत्या. "जड अंग मागं ठेवलंत. गाडी उलाळ होईल. तोंड मागं करा तिचं."

चार भावी इंजिनिअर एकमेकांकडे पाहू लागले. वहिनी शेतकऱ्याची लेक. कापसाच्या गाड्या भरता भरता वाढलेल्या. दोन चाकांच्या गाडीत ओझे आसाच्या किंचित पुढे हवे, थोडा भार जुवावर पडला पाहिजे. नाहीतर मागचा भाग बसतो आणि पुढचा उचलतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. गाडी खाली घेतली, फिरवली, इंजिनाची बाजू ट्रॅक्टरकडे करून पुन्हा चढवली. ट्रॉली रेषेत चालली.

शेतात पहिल्या दोन हाकांना इंजिनाने दाद दिली नाही. तिसऱ्यांदा ते खोकले आणि लागले. वहिनी बांधावर उभ्या होत्या. "चोक ओढलास ना?" त्यांनी विचारले. "यांनाही थंडीत दोनदा ओढावा लागायचा." तो तीन सिलिंडरचा आवाज अण्णांच्या पायरवासारखा आम्हा सर्वांच्या ओळखीचा होता. पुढे बराच वेळ कोणी बोलले नाही.

दोन फेऱ्या मारून पुतण्या बांधाशी येऊन थांबला.

"ह्यात माणसं किती बसतात?" वहिनींनी विचारले.

"दोन, आई."

"दोनच? सहस्रकुंडाला आपण सात जण गेलो होतो हिच्यात!" असे म्हणून त्यांनी पदर खोचला आणि त्या दोन जागांपैकी एका जागेवर जाऊन बसल्या.