सहावं बोट

हाताला सहावं बोट असणं भाग्याचं, असं आपल्याकडे मानतात. सांगलीला माझ्या भाचीला मुलगी झाली, दोन्ही हातांना करंगळीशेजारी जादा बोट, तेव्हा पणजी याच आनंदात होती. पण बाळाचं पोट ढोलकीसारखं फुगलेलं, लघवीही नीट होईना. 'नजर लागली'पासून 'गाठ असेल'पर्यंत सगळं बोलून झालं. इकडे नोव्हायमध्ये रात्री अडीचला फोन वाजला, "मामा, कॅन्सर तर नसेल ना?"

सोनोग्राफीत कळलं की गाठ नव्हतीच. योनिमार्ग जन्मतः बंद होता. आईच्या हार्मोन्समुळे बाळाच्या ग्रंथी पाझरतात, आणि वाट नसली की ते पाणी आतच साठतं. त्याच्या दाबाने लघवीची वाट अडली होती. शस्त्रक्रिया झाली, पोट उतरलं.

पण पोट आणि बोट एकत्र का? आम्हा आयटीवाल्यांची खोड, आधी डेटाबेस उघडायचा. जॉन्स हॉपकिन्सचे डॉ. व्हिक्टर मक्युसिक यांनी आनुवंशिक विकारांची सूची १९६६ साली पुस्तकरूपात काढली. १९८७ पासून ती 'ओमिम' नावाने ऑनलाइन आहे. नोंद क्रमांक २३६७००: मक्युसिक-कॉफमन सिंड्रोम. १९६४ मध्ये मक्युसिकनी तो आमिश लोकांत नोंदवला. पिढ्यानपिढ्या आपसांतच लग्नं करणारा समाज. आमच्या भाचीनेही आतेभावाशीच लग्न केलंय. आमिशांत झालं की संशोधनाचा विषय, सांगलीत झालं की घरचं स्थळ!

आई-बाप दोघांकडून सदोष जनुक आलं तरच हा विकार होतो. म्हणजे पुढच्या प्रत्येक बाळालाही २५ टक्के धोका. घरात दुसऱ्या मुलाचा विषय निघतो, तेव्हा भाची उठून स्वयंपाकघरात जाते.

खरी मेख पुढेच आहे. इथल्या मंडळातल्या एका डॉक्टर मैत्रिणीने सांगितलं, बार्डेट-बीडल सिंड्रोमची सुरुवातही हुबेहूब अशीच होऊ शकते. त्यात पुढे वजन वाढतं, मूत्रपिंडं बिघडू शकतात, अंधारात दिसेनासं होतं आणि मग दृष्टीच जाते. जन्मतः दोन्हींतला फरक सांगता येत नाही. २००० साली जनुक सापडलं, तर तेच जनुक दोन्हीकडे निघालं! म्हणून निदान पाच वर्षांची होईपर्यंत मुलीला तपासत राहायचं.

सांगलीच्या डॉक्टरांनी फाइलवर दोन्ही नावं लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवलंय. नात आता तीन वर्षांची आहे, चुरुचुरु बोलते. भाची दिवेलागणीला मुद्दाम दिवा उशिरा लावते, आणि लेक अंधारात भातुकलीपर्यंत नीट जाते का, ते बघत उभी राहते.