आधी विसरायचं, मग जन्मायचं

नुकतंच तयार केलेलं व्हर्च्युअल मशीन सुरू होतं तेव्हा त्याच्याकडे जवळपास काहीच नसतं. डिस्क रिकामी, नाव नाही, पत्ता नाही. असतो तो फक्त एक मॅक ॲड्रेस. तेवढ्या भांडवलावर ते नेटवर्कवर सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतं. डीएचसीपी सर्व्हर त्याला पत्ता देतो आणि अमक्या ठिकाणाहून अमकी फाइल उचल, असं सांगतो. या पद्धतीला पीएक्सई म्हणतात. ती पहिली छोटी फाइल बहुधा टीएफटीपीने येते. ५१२ बाइटचा एकेक घास, प्रत्येक घासाची पोच, आणि पासवर्ड विचारायची सोयच नाही. तिच्यामागून कर्नल येतो, मग अख्खी इमेज. चहा संपेपर्यंत वीस मशीन उभी!

मी हेच काम करतो. नव्याने येणाऱ्या मुलांना वाटतं, कॉपी करणं अवघड असेल. कॉपी करणं सोपं असतं. अवघड असतं ते विसरायला लावणं.

कारण इमेज कुठल्या तरी जगलेल्या मशीनची असते. आपण एक मशीन नीट लावतो आणि गोठवतो. पण तोवर त्याला स्वतःची ओळख मिळालेली असते : मशीन-आयडी, एसएसएचच्या होस्ट की, लॉग, कुणीतरी टाइप केलेल्या कमांड. तसंच कॉपी केलं, तर वीसही जणं ‘तो मीच’ म्हणतात.

पूर्वीच्या एका नोकरीत हे जवळून पाहिलं. उबुंटू १८.०४ डीएचसीपीकडे पत्ता मागताना मॅकऐवजी मशीन-आयडीवरून बनवलेली ओळख दाखवतं. त्यामुळे दोन जुळ्या मशीनना एकच पत्ता मिळाला. सहकारी लॉगिन करून फाइल लिहायचा, पुन्हा लॉगिन केलं की फाइल गायब. अर्धी रात्र तो डिस्कला दोष देत होता. मशीन बदललं की एसएसएच एरवी ओरडतं. इथे ते गप्प होतं, कारण दोन्हीकडच्या की एकच होत्या.

फाइल हरवणं परवडलं. पण एकाच खासगी कीच्या वीस प्रती असतील, तर एक मशीन फुटलं की चोराला उरलेल्या एकोणीस जणांचं सोंग घेता येतं. हे कुठल्याही स्क्रीनवर लाल अक्षरांत दिसत नाही.

म्हणून गोठवण्याआधी मशीन-आयडीची फाइल रिकामी करायची, होस्ट की पुसायच्या, लॉग आणि कमांडचा इतिहास साफ करायचा. पहिल्या बूटला क्लाउड-इनिट नव्या की घडवतं. विंडोजमध्ये सिसप्रेप हेच करतं.

एवढं करूनही मी आधी दोनच मशीन उठवतो. दोघांचे मशीन-आयडी शेजारी शेजारी ठेवतो, मग होस्ट कीचे ठसे. सगळं वेगळं दिसलं, की मगच उरलेली अठरा.