आज्ञार्थाचें व्याकरण

मुलांच्या संगणकावरील खेळांविषयीं आमच्या पिढीचें मत बहुतेक ठरलेलें असतें: डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, आणि पानें वाढल्यावर चार हाका मारल्याशिवाय कोणी उठत नाहीं. या मताशीं माझा विरोध नाहीं. तथापि ‘माइनक्राफ्ट’ नांवाचा जो एक खेळ कांहीं वर्षें आमच्या घरांत चालला आहे, त्याच्या एका अंगानें माझ्यासारख्या संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरालाहि खुर्ची ओढून मुलांजवळ बसावयास लाविलें. त्याविषयीं चार शब्द लिहावेत असें बरेच दिवस मनांत होतें.

ज्यांच्या घरीं हा खेळ अद्याप शिरला नसेल त्यांच्याकरितां थोडें सांगतों. स्वीडनमधील मार्कुस पेर्सोन या गृहस्थानें तो २००९ च्या मे महिन्यांत प्रथम लोकांपुढें ठेविला. २०११ च्या नोव्हेंबरांत त्याची पूर्ण आवृत्ति निघाली, आणि २०१४ सालीं मायक्रोसॉफ्टनें ती कंपनी अडीच अब्ज डॉलर देऊन विकत घेतली. चौकोनी ठोकळ्यांचें एक अफाट जग, त्यांत खणावें, रचावें, घरें बांधावींत. जिंकण्याहरण्याला फारसें महत्त्व नाहीं. परंतु एक तिरकी रेघ देऊन इंग्रजींत वाक्य टंकिलें कीं तें जग तुमची आज्ञा पाळतें! अशा आज्ञांची यादी फाईलींत लिहून ठेविली तर तिला ‘फंक्शन’ म्हणतात, आणि योग्य व्यवस्था केली असतां ती यादी सेकंदास वीस वेळां आपोआप चालते.

घरांत आपण आज्ञा कशा देतों पाहा. ‘तें तिकडचें जरा इकडे दे’ एवढें म्हटलें तरी सून बरोबर डावच पुढें करिते. कर्म नाहीं, स्थळ नाहीं, आणि काम मात्र अचूक. यंत्राच्या ठायीं हा समजूतदारपणा औषधालाहि नाहीं. जें लिहिलें तेवढेंच तें वाचतें. आणि आपण काय लिहिलें हें आपल्याला बहुधा ठाऊक नसतें, कारण आपण आपल्या मनांतला अर्थच वाचीत असतों.

आमच्या आठवींतल्या नातवानें एक आज्ञा रचिली होती. खेळांत जो कोणी चालेल त्याच्या पायाखालचा ठोकळा सोन्याचा व्हावा, असा तिचा हेतु. स्वतः टंकून चालविली कीं सोनें बरोबर पायाखालीं उमटे. तीच ओळ फंक्शनमध्यें घालून आपोआप चालू केली कीं कांहींच होईना. दोन संध्याकाळीं अशा गेल्या. मग आमच्या पुतण्याच्या मुलीला, जी त्याच जगांत त्याच्याबरोबर खेळते, एक चमत्कार दिसला. नवा खेळाडू प्रथम जेथें अवतरतो त्या जागीं, म्हणजे त्या जगाच्या जन्मस्थानीं, जमिनींत सोन्याचा एकच ठोकळा लकाकत होता.

मीं त्याला ती ओळ मोठ्यानें वाचावयास सांगितली. आरंभीं ‘एक्झिक्यूट’, पुढें ‘ॲज’ आणि सर्व खेळाडूंचें चिन्ह, मग ‘येथून एक पाऊल खालीं सोनें ठेव’. ‘ॲज’ म्हणजे अमक्याच्या नांवानें. ‘येथून’ म्हणजे कोठून, हें वाक्यांत कोठेंच नव्हतें! त्यानें कर्ता बदलला होता, अधिकरण बदललें नव्हतें. हातानें आज्ञा देतांना तो स्वतःच तेथें उभा असे, म्हणून चूक झांकली जाई; आपोआप चालणारी आज्ञा जगाच्या जन्मस्थानावरून निघते, म्हणून सोनें तेथें पडे. आपल्या संकल्पांतहि यजमानाचें नांवगोत्र सांगून भागत नाहीं, देशकालाचा उच्चार निराळा करावा लागतो, हें त्याला त्याच्या मुंजीची आठवण देऊन सांगितलें. त्याला स्थलवाचक ‘ॲट’ जोडावयाचा होता, आणि त्यापुढें ‘@’ या चिन्हाला ‘एस’ अक्षर लावून होणारा शब्द. त्या शब्दाचा अर्थ ‘ज्याच्या नांवानें आज्ञा चालली आहे तो स्वतः’. आत्मनेपद शिकविण्यांत ज्याचीं वर्षें गेलीं त्याला हें सर्वनाम आवडल्यास नवल नाहीं.

मात्र क्रम महत्त्वाचा. ‘ॲट’ आधीं आणि ‘ॲज’ नंतर लिहिलें तर ‘स्वतः’ या शब्दाला अद्याप कोणी धनीच नसतो. अनुवृत्ति डावीकडून उजवीकडे येते. मागें फिरत नाहीं.

त्या दिवसापासून अडलेल्या आज्ञा माझ्याकडे येऊं लागल्या, जशा पूर्वीं न लागणाऱ्या श्लोकांच्या वह्या येत. टंकलेली आज्ञा यंत्राला कळली नाहीं तर तांबड्या अक्षरांत ओळ उमटते आणि ‘येथें’ म्हणून एक बाण दाखविला जातो. मुलें बाणापाशींच डोकें फोडीत बसतात. बाणाचा अर्थ एवढाच कीं येथपर्यंत येऊन यंत्राची समजूत संपली. दोष तेथें असेल किंवा चार शब्द आधींहि असेल. मीं त्यांना अन्वय लावावयाची जुनी रीत घालून दिली. लांब वाक्यांतील अटी काढून टाकाव्या, मुख्य क्रियेच्या जागीं ‘से’ हें बोलण्याचें क्रियापद घालावें. मग पडद्यावर बोलणाऱ्याचें नांवच उमटतें आणि कर्ता कोण तें कळतें. त्यानंतर एकेक अट परत घालावी. जी घालतांच वाक्य मुकें होतें, तींत दोष. फाईलींतल्या आज्ञांचा आणखी एक कडक नियम आहे: एका ओळींत अशुद्ध असलें तर सबंध फंक्शन नाकारलें जातें, आणि त्याचें कारण ओळीच्या क्रमांकासह खेळाच्या नोंदवहींत लिहिलें जातें. टंकण्याच्या संवयीनें फाईलींतहि आरंभीं तिरकी रेघ ठेवणें, हें अशुद्ध आमच्याकडे सर्वांत अधिक सांपडलें.

खरा प्रसंग पुढेंच आला. दोघां मुलांनीं मिळून त्या जगांत एक वाडा उभारला होता: चौक, तुळशीवृंदावन, माडी. चौकांत पाऊल पडतांच भोंवतीं दिवे लागत, ती करामत नातवाच्या फंक्शनची. २०२४ च्या जून महिन्यांत एका संध्याकाळीं दिवे लागेनात. तांबडी ओळ नाहीं, बाण नाहीं. फाइली पुन्हा वाचण्याची आज्ञा दिली, ती निमूटपणें पाळली गेली. यादींत त्याच्या आज्ञांचा गठ्ठा चालू म्हणून दिसत होता. आदल्या दिवशीं संगणकावर धाकटी बसली होती. ‘हिनेंच कांहींतरी पुसलें,’ असें त्यानें सर्वांदेखत सांगून टाकलें.

ती रडली, मग बोलेनाशी झाली. दोन दिवस दोघें एकमेकांकडे पाहीनात. एकत्र कुटुंबांत मुलांचें भांडण मुलांपुरतें राहत नाहीं. आमच्या दोन्ही सुनांचें बोलणें स्वयंपाकघरांत तुटक झालें, आणि चिरंजीवांनीं रविवारपासून खेळ कायमचा बंद असें जाहीर केलें. मला त्या दिव्यांची विशेष मातबरी नव्हती. पण नऊ वर्षांच्या मुलीवर न केलेल्या अपराधाचा ठपका ठेवून विषय मिटवावा, हें मला पटेना.

शनिवारीं मीं नातवाला बसविलें आणि कोणी बिघडविलें हा प्रश्न बाजूस ठेवून काय बदललें तें शोधूं म्हटलें. फंक्शनचें नांव टंकूं लागलें कीं खेळ स्वतःच संभाव्य नांवें सुचवितो. त्या यादींत त्याचें एकहि नांव नव्हतें! म्हणजे आज्ञा चुकली नव्हती, ती वाचलीच जात नव्हती. धाकटीनें पुसल्या म्हणाव्या तर फाइली जागच्या जागीं होत्या. मग कंपनीनें नव्या १.२१ आवृत्तीबरोबर प्रसिद्ध केलेलें टिपण मीं कोश घेऊन ओळीनें वाचलें. ज्या कप्प्याचें नांव पूर्वीं ‘फंक्शन्स’ असे, त्याला आतां ‘फंक्शन’ म्हणावयाचें होतें. बहुवचनाचें एकवचन! आमच्या संगणकावर खेळ उघडतांना सर्वांत नवी आवृत्ति आपोआप घेतली जाते. घरांतल्या कोणाचाहि हात त्यांत नव्हता. दोन ठिकाणचें एकेक अक्षर काढलें, फाइली पुन्हा वाचविल्या, आणि चौकांत दिवे लागले.

असे फेरफार या खेळांत पूर्वींहि झाले आहेत. २०१८ च्या १.१३ मध्यें ‘एक्झिक्यूट’ची वाक्यरचनाच पालटली, २०२४ च्या एप्रिलांत १.२०.५ आली तेव्हां वस्तूंचे गुण सांगणारे महिरपी कंस जाऊन चौकोनी आले. संगणकावरची आणि मोबाइलवरची आवृत्ति या तर एकाच वेदाच्या दोन शाखा. एकीचा पाठ दुसरींत म्हणून चालत नाहीं. म्हणून कोणाची आज्ञा उतरून घ्यावयाची तर ती कोणत्या आवृत्तीची हें आधीं विचारावें, असा दंडक मीं घातला आहे.

चिरंजीवांनीं बंदी उठवून एक तास दिला. नातवानें धाकटीची क्षमा शब्दांनीं मागितली नाहीं. वाड्याची माडी तिला देऊन टाकली. ती तिनें घेतली, पण विश्वास पूर्ववत् झाला असें दिसत नाहीं. पुढच्याच आठवड्यांत चौकांत कोंबड्या फार झाल्या म्हणून तो सरसकट ‘किल’ची आज्ञा देणार होता, त्यांत तिचीं मांजरें, भिंतीवरचीं चित्रें आणि तो स्वतःहि नाहींसा झाला असता. तिनें कळफलकावर हात ठेवून ‘फक्त कोंबड्या’ ही अट आधीं लिहावयास लाविली. केलेलें परत घेण्याची आज्ञा या खेळांत नाहीं, हें कळल्यापासून ती दर शनिवारीं सबंध जगाची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून घेते. तो कोठें ठेविते हें तिनें मला सांगितलें आहे, नातवाला नाहीं.