वळायचं तर दिसेल असं

बंदराच्या पायलटचं काम म्हणजे परक्या कप्तानाला आपलं पाणी समजावून देणं. प्रॉन्ग्सचं दीपगृह त्याला नकाशावर सापडतं, भरती-ओहोटीच्या वेळाही कोष्टकात मिळतात. पण मुंबईच्या उधाणाचं पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं, आणि तो ओढा लांबलचक जहाजाला कुठे आडवा रेटतो, हे शेजारी उभं राहून सांगावं लागतं. तेही जमतं. कठीण असतो तो पाण्यावरच्या माणसांचा अंदाज.

इथे सगळ्यांची कामं एकाच वाटेवर येतात. न्हावाशेवाकडे निघालेलं कंटेनर जहाज, जवाहर द्वीपाला लागणारा टँकर, नौदलाच्या बोटी, ससून डॉकचे मच्छीमार, बार्ज, गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँच. मोठ्या जहाजाला खणलेलं चॅनेल सोडता येत नाही आणि लाँचला ते आडवं ओलांडल्याशिवाय मांडवा गाठता येत नाही. १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांत याचा निवाडा आहे: अरुंद चॅनेलमध्येच सुरक्षित चालू शकणाऱ्या जहाजाला २० मीटरपेक्षा लहान बोटीनं, शिडाच्या होडीनं किंवा मासेमारी करणाऱ्यानं अडथळा करू नये.

नियम लाँचच्या सारंगांनाही ठाऊक असतो. घोळ होतो तो नजरेचा. डोंगराएवढं जहाज सारंगाला लांबूनच दिसतं, त्यामुळे आपणही त्याला दिसत असणार असं तो धरून चालतो. ब्रिजवरून मात्र पुढे रचलेल्या कंटेनरांआड समुद्र झाकलेला असतो. नाळेपुढचं ५०० मीटरपर्यंतचं पाणी दिसलं नाही तरी ते कायद्यात बसतं. तेवढ्यात लाँच शिरली, की ती आमच्यापुरती नाहीशी होते.

‘जहाज हळू करा ना,’ असं लोक म्हणतात. पण वेग फार उतरला की सुकाणू ऐकेनासं होतं. इंजिन उलटं फिरवलं, तर एका पंख्याच्या जहाजाची नाळ बहुधा उजवीकडे वळते आणि अरुंद चॅनेलमध्ये तेच नवं संकट होतं. म्हणून आमचा भरवसा थांबण्यावर कमी आणि आधी कळण्यावर जास्त असतो.

नियमावलीतलं माझं आवडतं कलम याबद्दलच आहे. दिशा बदलायची तर ती वेळेवर, आणि समोरच्याला सहज कळेल इतकी बदला. थोडंथोडं वळत राहू नका. पाच अंशांनी वळलेली लाँच ब्रिजवरून आहे तशीच दिसते. तीस अंश वळली की तिची कूस दिसते आणि जीव भांड्यात पडतो. रात्री तर शहराच्या दिव्यांत होडीचा दिवा शोधावा लागतो. लाल आणि हिरवा दोन्ही दिसले तर ती थेट अंगावर येतेय. हिरवा मावळून लाल उरला, की ती तिच्या उजवीकडे वळली. एवढा निरोप वायरलेसवाचूनही पोचतो.

वेग हा दुसऱ्याच्या विचाराचा वेळ खातो. १८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची वेगवान बोट घारापुरीच्या वाटेवरच्या ‘नीलकमल’ या प्रवासी लाँचवर आदळली, माणसं गेली. आणि निस्तरणं कधीच दोघांपुरतं राहत नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ यांची टक्कर झाली. चित्रावरचे कंटेनर पाण्यात पडून तरंगू लागले, मुंबई आणि न्हावाशेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस खोळंबली आणि तेल कांदळवनांपर्यंत पोचलं.

समोरच्याचा बेत कळेना की आम्ही भोंग्याचे पाच छोटे आवाज देतो. लाँचवरच्या प्रवाशांना वाटतं, जहाज दटावतंय. खरं तर तो प्रश्न असतो: तुझ्या मनात काय आहे? उत्तर एका ठळक वळणात देता येतं.

समुद्रावर वाट मिळणं हाही बहुतेकदा हक्क नसतो. दोन बोटी एकमेकींना आडव्या येतात तेव्हा जिला वाट मिळते, तिनं दिशा आणि वेग तसाच ठेवायचा असतो, कारण दुसरीनं आपला हिशेब त्यावर मांडलेला असतो. आणि दुसरी हललीच नाही, तर टक्कर टाळण्याचं काम हिच्याच गळ्यात येतं. नियम पाळला होता, एवढं सांगून इथे कुणालाच सुटता येत नाही.