बाद झालेल्यांची रांग

कबड्डीचे जुने प्रकार तीन: अमर, गामिनी आणि संजीवनी. नावं ठेवणारा माणूस पुराणांत रमलेला असणार. अमरमध्ये गडी मरतच नाही. हात लागला की समोरच्यांना गुण, आणि हा आपला पुन्हा मैदानातच उभा. गामिनीत गेला तो गेला. अख्खा संघ बाद होईपर्यंत त्याने बाहेर बसायचं, आणि त्या डावाला घड्याळही नाही. संजीवनीत मात्र समोरचा एक मेला की आपला एक उठतो. आज गावोगावच्या मैदानांवर आणि टीव्हीवरच्या लीगमध्ये जे खेळतात ते या संजीवनीचंच वाढलेलं रूप. बाकीचे दोन मागे पडले. सामना वेळेत संपायला हवा, गुणांचा हिशेब सोपा हवा, ही कारणं असतीलच. पण बाहेर बसलेल्याचं करायचं काय, या प्रश्नाचं धड उत्तर एकट्या संजीवनीकडे होतं, असं मला आपलं वाटतं.

भातकापणी उरकली की पेणच्या आसपासच्या गावांत एखादं खाचर मैदान होतं. धसकटं काढायची, पाणी मारून माती दाबायची, फक्कीने रेघा मारायच्या: लांबी 13 मीटर, रुंदी 10. बांबूंवर दिवे चढतात. बांधाच्या पलीकडे कुणीतरी पोपटी लावलेली असते. वालाच्या शेंगा शिजत आल्या की भांबुर्ड्याचा तो कडवट-गोड वास थेट मैदानात येतो. सगळे आत चाललेल्या चढाईकडे बघत असतात. मला मात्र लहानपणापासून बघावीशी वाटते ती अंतिम रेषेमागची चौकट, जिथे बाद झालेले ओळीने बसतात.

ओळीने, हे महत्त्वाचं. जो आधी मेला तो आधी उठणार. त्यामुळे त्या चौकटीत बसलेल्या प्रत्येकाला आपला नंबर ठाऊक असतो आणि नंबराप्रमाणे त्याचं बसणंही बदलतं. पहिला धड बसलेला नसतोच. एक गुडघा टेकलेला, दुसरा उभा, हाताला माती चोळून झालेली. आपला चढाईपटू मध्यरेषा ओलांडून गेला की याचाही दम तिकडे जातो. त्याने नुसता बोनस घेतला तर संघाच्या पाटीवर गुण चढतो, पण बोनसने कोणी जिवंत होत नाही. त्या वेळी या पहिल्याचं तोंड बघावं. टाळी तर वाजवायलाच हवी, संघ आपला आहे. पण ती टाळी दोन तळव्यांतली कमी आणि दातांमधली जास्त.

तिसरा, चौथा मात्र ऐसपैस बसलेले. त्यांना घाई करून उपयोग नाही. त्यांना आतल्या कोणालाही दिसत नाही ते दिसायला लागतं: समोरचा डावा कोपरारक्षक पकड करायला निघण्याआधी टाच उचलतो, उजव्याचं लक्ष मध्येच प्रेक्षकांत जातं. आत असताना माणूस स्वतःच्या घोट्यापुरता खेळत असतो. बाहेर आला की त्याला सातही जणांचे पाय दिसतात. मग पहिला उठून निघाला की तिसरा त्याचा हात धरून कानात दोन शब्द घालतो, आणि त्या दोन शब्दांवर पुढची पकड होते. गुण ज्याने घोटा धरला त्याचाच. पण चौकटीतल्या त्या तिसऱ्याचा चेहरा तेव्हा असा काही फुलतो, की ही पकड खरी कोणाची ते त्याला पक्कं माहीत असतं.

शाळेत मीही खेळले. लवकर मरायचे, आणि मेल्याचं मला फारसं दुःख नसायचं. माझा जीव तेव्हा दुसरीच्या हातात असे. तिने समोरचीला शिवावं म्हणून मी जितक्या तळमळीने देवाला हाक मारली तितकी स्वतःच्या परीक्षेसाठीही मारली नाही. यात स्वार्थ किती आणि जिव्हाळा किती, हे निवडून काढता येत नसे, आणि मजा नेमकी त्या न निवडता येण्यात होती.

पेणहून रोह्याला, आजोळी, आम्ही पॅसेंजरने जायचो. तेव्हा तो मार्ग एकेरी होता. मागून एक्स्प्रेस येणार असली की आमची गाडी मधल्या एखाद्या स्टेशनात बाजूच्या रुळावर काढून ठेवत. लोक उतरायचे, पाय मोकळे करायचे, काकड्या घ्यायचे. कुरकुर फारशी नसे, कारण ती गेली की आपणच निघणार हे सगळ्यांना ठाऊक असे. चौकटीतल्या तिसऱ्या-चौथ्याचं बसणं असंच.

रोह्यात बसणं वेगळं होतं. गणपतीच्या जागरणाला मामाच्या ओटीवर मेंढीकोट रंगे. चौघे खेळायला, दोघे-दोघे भिडू, आणि भोवती आठ-दहा ताटकळलेले. हरलेली जोडी उठायची, पुढची बसायची. उठलेला लगेच झोपायला जात नसे; जिंकणाऱ्याच्या पाठीशी जाऊन बसे आणि त्याची पानं बघत राही. त्याला बोलायची मुभा नव्हती. चारही दश्शी कोणाकडे जाणार हे त्याला कळलेलं असायचं आणि ते गिळून बसावं लागायचं. पोटात मावत नाही इतकं ठाऊक असण्याची ती चैन होती. ब्रिज खेळणाऱ्यांनी तर ही चैन नियमातच बसवली आहे. दर डावात एक भिडू आपली पानं उघडी मांडतो आणि डमी होतो. खेळ त्याचा, पण चाल त्याची नाही. तरी त्याला अगदी बाहुलं केलेलं नाही. भिडूने मागितल्या रंगाचं पान टाकलं नाही, तर ‘तो रंग नाही का तुझ्याकडे?’ एवढं तो विचारू शकतो. एका प्रश्नापुरता का होईना, तो जिवंत.

मामी या सगळ्यांत सरस खेळायची. पण ती ओटीवर यायची भांडी उरकल्यावर, कधी मध्यरात्रीनंतर. तोवर माजघराच्या दारातून बघायची. तिच्या त्या बघण्याला मी वरच्या हिशेबात धरत नाही. बाद व्हायला आधी आत घ्यावं लागतं.

आणि सगळेच खेळ बाहेर पडलेल्याचा विचार करतात असंही नाही. ‘व्यापार’ आठवा. दिवाळं निघालं की दुपारभर दुसऱ्यांची हॉटेलं मोजत बसायचं. रांग नाही, नंबर नाही, गुपित नाही. 1995 साली जर्मनीत आलेल्या ‘कटान’मध्ये कोणी मधूनच हाकलला जात नाही, शेवटपर्यंत सगळे पटाभोवती. चांगलंच आहे. पण मग मेल्याची मजाही गेली.

यंदाच्या पावसात मामेभावाची मुलगी मैत्रिणींना घेऊन रोह्याला आली. कुंडलिका भरून वाहत होती, बाहेर जायची सोय नव्हती. जेवणाच्या टेबलावर त्यांनी वह्या, पेन्सिली आणि वीस बाजूंचे फासे मांडले. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. हा खेळ 1974 साली अमेरिकेत आला, हे मला वाचून माहीत होतं. खेळताना पहिल्यांदाच बघत होते. एकजण गोष्ट सांगणारी, बाकीच्या त्या गोष्टीतली पात्रं. तासाभरात भाचीचं पात्र एका गुहेत कोसळलं. मला वाटलं, आता ही फोन काढणार.

“नाही गं आत्या,” ती म्हणाली, “मी अजून मरतेय.”

मरणं तिथे सावकाश होतं. बेशुद्ध पात्राच्या दर पाळीला फासा टाकायचा. दहा किंवा वर आलं तर तगण्याकडे एक पाऊल, खाली आलं तर उलट. आधी तीन ज्या बाजूला, तिकडे निकाल. वीस आलं तर माणूस ताडकन उठतो. आणि मध्येच कोणा सोबत्याने उपचार केला तर फाशाची गरजच नाही. म्हणजे इथेही दुसरीच्या चढाईवर जीव. भाचीने फासा टाकला, आठ. पुन्हा टाकला, चौदा. मधल्या वेळात गोष्ट सांगणारीने तिच्या हाती शत्रूकडचा एक टिनपाट राक्षस दिला: तोवर हा खेळव. त्या राक्षसाकडून आपल्याच मैत्रिणींना तिने जे काही छळलं! स्वतःचं पात्र शुद्धीवर आल्यावर तिला ते परत घ्यायची फार घाई दिसली नाही.

टेबलाच्या कोपऱ्यावर तिचा आठ वर्षांचा भाऊही बसला होता. त्याला खेळात घेतलं होतं, म्हणजे कच्चं लिंबू म्हणून. त्याच्यावर घाव बसत नव्हता, बाण त्याच्या कानाजवळून जात होते, राक्षस त्याला वळसा घालत होते. पहिल्यांदा त्याला गंमत वाटली. मग त्याच्या लक्षात आलं. मी त्याच वयात, त्याच घराच्या अंगणात, लपंडावात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उभी राहिले आहे आणि राज्य घेणाऱ्याने मला पाहून न पाहिल्यासारखं केलं आहे. अमर कबड्डी का मागे पडली असेल, याबद्दल माझी जी शंका आहे ती त्या अंगणातली.

“मला पण लागू दे ना,” तो म्हणाला. मग जरा जोरात, “ताई, मला पण मार ना!”

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. गोष्ट सांगणारीने घसा साफ केला आणि छतातून एक अजस्र कोळी खाली सोडला. तो थेट त्याच्यावर. पोरगा कोसळला. कोणीतरी त्याच्यापुढे फासा सरकवला: तीनदा चुकलास तर संपलास. त्याने दोन्ही हातांत धरून टाकला. चार. टेबलावर एकच आरडाओरडा झाला, आणि तो खुर्चीवरून उडी मारून स्वयंपाकघरात पळाला, जिथे माझी वहिनी पेणची मिरगुंडं तळत होती.

“आई, मी मरतोय!” तो ओरडला. “अजून दोनदा चुकलो की मेलो! पटकन दे, माझी पाळी येईल!”