माया

आमच्या लहानपणी बोहारीण दारात आली, की घरातल्या जुन्या कपड्यांचे दिवस भरत. वडिलांचा विटका कोट तिच्या बोचक्यात जाई आणि त्याच्या बदली एखादे पातेले फळीवर चढे. तो कोट पुढे कोणाच्या अंगावर गेला, त्याला तो बसला की नाही, याची चौकशी आम्ही कधी केली नाही. आता बोहारणीचे काम मोबाईलने पत्करले आहे. फरक एवढाच, की त्या बोचक्यातून हल्ली तुमच्या-माझ्यासारखी माणसेही कपडे उचलतात, आणि बसेल की नाही ही काळजी आपल्या वाट्याला आली आहे.

माझी धाकटी बहीण नालासोपाऱ्याला राहते. ब्लाउज शिवून तिने मुलाला हॉटेलच्या कामाचे शिक्षण दिले. त्याला मुलाखतीचे बोलावणे आले. अंगात कोट हवा. नवा शिवायचा, तर तिची महिन्याची कमाई गेली असती. मेहुणे आता नाहीत. त्यांचा लग्नातला कोट मात्र कपाटात होता. भाच्याने तो चढवला आणि खोलीत कोणी बोलेना. छाती जमली, लांबी जमली. पण खांद्याची शिवण इंचभर दंडावर उतरली होती.

"आत घे की," मी म्हणालो.

"दादा, त्यासाठी बाही उसवायची, मुंढा नव्याने कापायचा. कोटाचा खांदा म्हणजे घराचे आढे. सगळे त्यावर टांगलेले. आणि ह्या कोटाला मी कात्री लावायची नाही."

मग मोबाईलवर शोध सुरू झाला. वसईकडच्या ख्रिस्ती लग्नांत सुटाला मोठा मान. हौसेने बेतून शिवलेला सूट पुष्कळदा दोन-चार समारंभांपुरताच अंगाला लागतो. मग धनी सुटतो आणि कोट विक्रीला निघतो. अशा कोटावर बहुधा आकडा नसतो. असला तरी 38 हा आकडा माणसाच्या छातीचा, कापडाचा नव्हे. युरोपातल्या कोटावरचा 48 म्हणजे अर्ध्या छातीचे सेंटिमीटर. आपल्या 38च्याच तोडीचा.

बहिणीने आकड्याकडे पाहिलेच नाही. भाच्याला नेमका बसणारा मित्राचा कोट तिने मागवला, बटणे लावून पलंगावर पसरला आणि टेप धरली. पाठीवर शिवणीपासून शिवणीपर्यंत खांदा साडेसतरा इंच, काखेपासून काखेपर्यंत 21, बाही 25, कॉलरच्या शिवणीपासून खाली पाठ 29. "कोटाशी कोट ताडायचा, अंग नव्हे," ती म्हणाली. "छाती 38 आणि कोट 42, हे चार इंच श्वास घ्यायला. कंबर आत घेता येते, बाहीचे काहीतरी करता येते. खांदा आणि लांबी मात्र आहे तशी पत्करायची."

पापडीच्या एका गृहस्थांनी तीच मापे टेप लावून, फोटो काढून पाठवली. कोट आला. खांदा असा बसला, की जणू त्याच्यासाठीच बेतला होता! बाही तेवढी पाऊण इंच आखूड. बहिणीने मनगटापाशी अस्तर उसवले. आत दीड इंच कापड नीट दुमडून ठेवलेले होते.

"माया आहे," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली.

शिवणीत राखलेल्या जास्तीच्या कापडाला शिंपी मायाच म्हणतात. तयार कपड्यात ती बेताची असते. बेतून शिवणारा हात मात्र सैल सोडतो, कारण अंग बदलणार हे त्याला ठाऊक असते. कोण्या अनोळखी शिंप्याने कोण्या अनोळखी नवरदेवासाठी राखलेली ती माया माझ्या भाच्याच्या वाट्याला आली. रक्ताच्या नात्याचा कोट त्याला झाला नाही आणि परक्याचा झाला, याचे मला थोडे वाईट वाटले. बहिणीला वाटले असेल, तर ती बोलली नाही.

मुलाखतीच्या सकाळी भाचा कोट उलटा घडी करून हातावर टाकून निघाला. विरार लोकलमध्ये कोट घालून चढायचे धाडस कोण करील? तो गेल्यावर बहिणीने मेहुण्यांचा कोट झटकला, खिशात डांबराच्या गोळ्या घातल्या आणि कपाटात परत टांगला.

"नातू आजोबांच्या अंगाचा निघाला, तर त्याला होईल," ती म्हणाली.